रेड वाईन आणि कमीत कमी हस्तक्षेप : लेबनॉनमधील शातो मुसारचे उदाहरण

पाठाचा उद्देश

जैवरासायनिक अभियांत्रिकी आणि अन्न तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मद्यार्क किण्वन हा विषय बहुतेक वेळा एका समीकरणात संपतो. शुद्ध यीस्ट टाकले, तापमान राखले, गाळले, बाटलीत भरले. या पाठात आपण याच प्रक्रियेकडे उलट बाजूने पाहणार आहोत. यातील बाहेरून टाकायच्या गोष्टी आणि यांत्रिक पायऱ्या एकेक करून काढून टाकल्या, तर प्रक्रिया चालते का? चालत असेल तर ती कशाच्या आधारावर चालते?

उदाहरणादाखल लेबनॉनमधील शातो मुसार या कुटुंबाच्या मालकीच्या वाईन उत्पादकाची रेड वाईन घेतली आहे. पदार्थ संतुलन, ऊर्जा संतुलन, पीएच आणि स्टोक्सचा नियम एवढे पूर्वज्ञान पुरेसे आहे. हा पाठ प्रक्रियेचा आहे. मद्यसेवनाचे आरोग्यावर होणारे दुष्परिणाम हा स्वतंत्र आणि गंभीर विषय असून तो येथे घेतलेला नाही.

१. 'कमीत कमी हस्तक्षेप' म्हणजे नेमके काय?

आधुनिक वाईन कारखान्यात द्राक्षांच्या रसावर बऱ्याच क्रिया करता येतात आणि त्या कायद्याने मान्य आहेत. बाजारात मिळणारे सुके यीस्ट टाकणे, यीस्टला खाद्य म्हणून डायअमोनियम फॉस्फेट देणे, आम्लता कमी पडली तर टार्टारिक आम्ल मिसळणे, रंग सुटावा म्हणून विकर वापरणे, सल्फर डायऑक्साइडने जंतू रोखणे, अंड्याच्या पांढऱ्या बलकाने किंवा बेंटोनाइट मातीने वाईन निवळणे आणि शेवटी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढणे, या त्यांतील ठळक क्रिया.

कमी हस्तक्षेपाने काम करणारा उत्पादक यांतील बहुतेक क्रिया टाळतो. या विचाराला शास्त्रीय बैठक देण्यात फ्रान्समधील बोजोले भागातील रसायनतज्ज्ञ झूल शोव्हे (१९०७–१९८९) यांचा मोठा वाटा मानला जातो. फ्रान्समध्ये २०२० पासून 'व्हँ मेथोद नातूर' या नावाची ओळखखूण वापरात आहे. तिच्या अटींनुसार द्राक्षे सेंद्रिय आणि हाताने तोडलेली असावी लागतात, यीस्ट द्राक्षांसोबत आलेलेच असावे लागते आणि सल्फर डायऑक्साइड एकतर टाकायचा नाही किंवा प्रति लिटर ३० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचा असतो.

यावरून 'काहीच करायचे नाही' असा अर्थ काढणे चूक ठरेल. द्राक्षरस तसाच ठेवून दिला तर तो शेवटी वाईन होऊन थांबत नाही, त्याचे व्हिनेगर होते. बाहेरून टाकायची एखादी गोष्ट वगळली की तिचे काम दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यावे लागते. ते 'दुसरे काहीतरी' कोणते, हेच आपण पुढील प्रत्येक भागात शोधणार आहोत.

२. जागा आणि कुटुंब

शातो मुसारची स्थापना गास्तों होशार यांनी १९३० मध्ये केली. १९५९ पासून त्यांचे थोरले पुत्र सेर्ज होशार वाईन बनवू लागले. फ्रान्समधील बोर्दो येथे त्यांनी वाईनशास्त्राचे शिक्षण घेतले होते. धाकटे बंधू रोनाल्ड यांनी व्यवहाराची बाजू सांभाळली. २०१४ च्या अखेरीस सेर्ज यांचे निधन झाले. आज पुढची पिढी काम पाहते.

द्राक्षबागा बेका खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीवर आहेत. पश्चिमेला लेबनॉन पर्वत आणि पूर्वेला अँटी-लेबनॉन पर्वत, यांच्यामध्ये हे खोरे आहे. पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा असतो, दिवस गरम आणि रात्री थंड. वाईन बनवण्याची जागा मात्र बैरूतच्या उत्तरेला, घाझीर येथे आहे. म्हणजे तोडलेली द्राक्षे ट्रकमध्ये घालून डोंगररांग ओलांडून न्यावी लागतात. हा प्रवास लक्षात ठेवावा, सातव्या भागात त्याचा संबंध येणार आहे.

कोरड्या उन्हाळ्याचा प्रक्रियेशी थेट संबंध आहे. दमट हवेत द्राक्षावर बुरशी येते. आपल्याकडे नाशिक, सांगली भागातील बागायतदार केवडा आणि भुरी या रोगांशी कसे झगडतात हे अनेकांना माहीत असेल. तेथे फवारणी टाळणे अवघड असते. बेका खोऱ्यात हवाच हे काम बरेचसे करून टाकते. २००६ मध्ये मुसारच्या बागांना सेंद्रिय प्रमाणपत्र मिळाले. कमी हस्तक्षेपाची पहिली अट टाकीत नसून बागेत असते: निरोगी, न फुटलेली द्राक्षे.

येथील रेड वाईन काबर्ने सोव्हिन्यों, सँसो आणि कारिन्यान या तीन वाणांची असते. तिन्हींचे किण्वन सिमेंटच्या टाक्यांत वेगवेगळे होते. नंतर सुमारे एक वर्ष ओक लाकडाच्या पिंपांत, त्यानंतर मिश्रण, मग बाटली. निवळणे नाही, गाळणे नाही. तोडणीनंतर सुमारे सात वर्षांनी ही वाईन बाजारात येते.

३. किण्वन कोण करते? विरजण आणि इडलीचे पीठ

दही लावताना आपण विरजण घालतो. कोणते जिवाणू काम करणार हे त्या चमच्याभर दह्याने आधीच ठरवलेले असते. इडलीच्या पिठात मात्र आपण सहसा काहीच घालत नाही. डाळ-तांदळावरचे जिवाणू रात्रीत पीठ फुगवतात. पहिल्याला आरोपित किण्वन आणि दुसऱ्याला उत्स्फूर्त किण्वन म्हणू. ताडीचे किण्वनही उत्स्फूर्तच.

बाजारातील सुके यीस्ट टाकणे म्हणजे विरजण लावणे. प्रति मिलिलिटर दहा लाखांच्या आसपास पेशी एकदम टाकल्या की इतर जंतूंना वाव राहत नाही आणि एखाद्या दिवसात किण्वन जोर धरते. मुसारमध्ये द्राक्षांसोबत आणि जागेत असलेल्या यीस्टवर काम चालते. त्यात एक क्रम दिसतो. सुरुवातीला हान्सेनियास्पोरा, मेट्श्निकोव्हिया यांसारखी यीस्ट वाढतात. मद्यार्क सुमारे ४ ते ५ टक्क्यांवर गेला की त्यांतील बहुतेक मागे पडतात आणि सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी ताबा घेते. शेवटपर्यंत साखर संपवण्याचे काम तिचे.

धोका सुरुवातीच्या दिवसांत असतो. सॅकॅरोमायसिसची संख्या वाढेपर्यंत अ‍ॅसेटिक आम्ल तयार करणाऱ्या जंतूंना संधी मिळते. दुसरा धोका किण्वन मध्येच अडकण्याचा. यीस्टला वापरता येईल असा नायट्रोजन रसात प्रति लिटर सुमारे १४० मिलिग्रॅमपेक्षा कमी असला तर हा धोका वाढतो. येथे बाहेरचे यीस्ट आणि खाद्य यांची जागा तीन गोष्टी घेतात: निवडून घेतलेली द्राक्षे, स्वच्छ टाकी आणि रोजचे मोजमाप. घनता आणि तापमान रोज टिपले तर अडकू लागलेले किण्वन वेळेवर लक्षात येते.

४. पदार्थ संतुलन आणि उष्णता

ग्लुकोज → २ इथेनॉल + २ कार्बन डायऑक्साइड

१८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. एक मोल ग्लुकोजमागे सुमारे १०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते.

*उदाहरण १.* द्राक्षरसात प्रति लिटर २२० ग्रॅम साखर आहे. (अ) मद्यार्काचे प्रमाण, (आ) उष्णता अजिबात बाहेर न गेल्यास तापमानातील वाढ आणि (इ) निर्माण होणाऱ्या वायूचे घनफळ काढा.

(अ) समीकरणानुसार २२० × ९२ ÷ १८० = ११२ ग्रॅम इथेनॉल. घनता ०.७८९ धरल्यास १४२ मिलिलिटर, म्हणजे १४.२ टक्के. प्रत्यक्षात काही साखर यीस्टच्या वाढीत आणि ग्लिसरॉलसारख्या पदार्थांत जाते. म्हणून व्यवहारात १ टक्का मद्यार्कासाठी सुमारे १७ ग्रॅम साखर धरतात. २२० ÷ १७ = १२.९ टक्के.

(आ) २२० ÷ १८० = १.२२ मोल, म्हणजे १२२ किलोज्यूल. एक लिटर रसाची उष्माधारकता सुमारे ४ किलोज्यूल प्रति अंश. वाढ = १२२ ÷ ४ ≈ ३० अंश.

(इ) २.४४ मोल वायू. २५ अंश सेल्सिअसला एक मोलचे घनफळ २४.५ लिटर. म्हणजे सुमारे ६० लिटर.

(आ) चे उत्तर नीट पाहावे. रस २० अंशांवर असेल आणि उष्णता अडकून राहिली, तर तापमान ५० अंशांकडे जाऊ लागेल. यीस्ट त्याच्या बरेच आधी, ३५ ते ४० अंशांदरम्यान दम तोडते. म्हणजे साखर अर्धवट राहील आणि जिवाणूंना आयते खाद्य मिळेल. मुसारमध्ये हे तापमान ३० अंशांच्या आत ठेवले जाते.

येथे टाकीचा आकार स्वतःच एक नियंत्रण ठरतो. १ घनमीटरच्या घनाकृती टाकीला दर घनमीटरमागे ६ चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो; १० घनमीटरच्या टाकीला सुमारे २.८ चौरस मीटरच. मोठ्या टाकीत उष्णता बाहेर जायला वाट कमी. सिमेंटच्या जाड भिंती स्वतः बरीच उष्णता सामावून घेतात, त्यामुळे तापमानाचे चढउतार सावकाश होतात. पोलादी टाकीच्या पातळ भिंतीत ही सोय नाही, तिला थंड पाण्याचे आवरण लावावे लागते. टाकी बांधतानाच बरेचसे नियंत्रण ठरून जाते, ते असे.

(इ) चे उत्तर सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. एका लिटरमागे ६० लिटर वायू, तोही हवेपेक्षा जड आणि वास नसलेला. तळघरात तो खाली साचतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की जिवाला धोका असतो. जुन्या विहिरीत किंवा मॅनहोलमध्ये उतरलेल्या कामगारांचे मृत्यू आपण बातम्यांत वाचतो. किण्वनगृहातही तशीच काळजी हवी: वायू मापक, खेळती हवा आणि टाकीत एकट्याने न उतरणे. हस्तक्षेप कमी करण्याच्या नावाखाली ही खबरदारी कधीही कमी करता येत नाही.

५. सल्फर डायऑक्साइड आणि पीएच

सल्फर डायऑक्साइड पूर्ण वगळणारे उत्पादक थोडे, कमी वापरणारे जास्त. किती कमी पुरेल हे पीएचवर ठरते. मुक्त सल्फर डायऑक्साइडपैकी फक्त रेणूरूपातील भाग जंतूंना रोखतो. तो असा काढतात:

रेणूरूप अंश = १ ÷ (१ + १०^(पीएच − १.८१))

*उदाहरण २.* मुक्त सल्फर डायऑक्साइड प्रति लिटर ३० मिलिग्रॅम आहे. पीएच ३.४ आणि ३.८ असताना रेणूरूप भाग किती?

पीएच ३.४ : अंश = १ ÷ (१ + ३८.९) = ०.०२५, म्हणजे ०.७५ मिलिग्रॅम.
पीएच ३.८ : अंश = १ ÷ (१ + ९७.७) = ०.०१०, म्हणजे ०.३० मिलिग्रॅम.

संरक्षणासाठी साधारणपणे ०.५ ते ०.८ मिलिग्रॅम लागतो. म्हणजे तेवढाच सल्फर डायऑक्साइड पहिल्या वाईनला पुरतो, दुसरीला पुरत नाही. युरोपीय संघात गोडवा नसलेल्या रेड वाईनसाठी एकूण मर्यादा प्रति लिटर १५० मिलिग्रॅम आहे, तर सेंद्रिय रेड वाईनसाठी १००.

द्राक्षे पिकत जातात तशी साखर वाढते, मॅलिक आम्ल घटते आणि पीएच चढतो. म्हणून तोडणीचा दिवस हाच कमी हस्तक्षेपाच्या पद्धतीतील सर्वांत मोठा निर्णय. चार दिवस उशीर झाला आणि पीएच चढला, तर नंतर एकतर आम्ल मिसळावे लागते किंवा सल्फर डायऑक्साइड वाढवावा लागतो. बेका खोऱ्यातील थंड रात्री आम्ल टिकवून धरायला मदत करतात.

६. गाळणीऐवजी वेळ

गाळणी नसेल तर वाईन निवळते कशी? स्टोक्सच्या नियमाने कण खाली बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो.

*उदाहरण ३.* यीस्टचा व्यास ५ मायक्रॉन, वाईनपेक्षा घनता ८० किलोग्रॅम प्रति घनमीटर जास्त, वाईनची विष्यंदिता ०.००१६ पास्कल-सेकंद. ७० सेंटिमीटर उंचीच्या पिंपात यीस्ट तळाला बसायला किती दिवस लागतील? घनतेतील फरक तेवढाच धरून ०.७ मायक्रॉन व्यासाच्या जिवाणूला किती?

यीस्टचा वेग = ९.८१ × (५ × १०^−६)² × ८० ÷ (१८ × ०.००१६) ≈ ६.८ × १०^−७ मीटर प्रति सेकंद, म्हणजे दिवसाला सुमारे ५.९ सेंटिमीटर. वेळ: सुमारे १२ दिवस.
जिवाणूचा व्यास सुमारे एक सप्तमांश, म्हणून वेग सुमारे पन्नासावा भाग. वेळ: सुमारे ६०० दिवस.

हिवाळ्यातील थंड तळघरात यीस्ट सहज खाली बसते. गाळ मागे ठेवून वरची वाईन दुसऱ्या पिंपात काढली की काम झाले. जिवाणूंचे मात्र तसे नाही. तापमानातील लहानशा फरकाने होणारे अभिसरणही त्यांना तरंगत ठेवायला पुरते. म्हणजे न गाळलेल्या वाईनमध्ये जिवाणू राहणारच.

मग ती टिकते कशी? त्यांना खायला काही उरू दिले जात नाही. यीस्टने साखर संपवलेली असते. त्यानंतर ओइनोकोकस ओइनी हे जिवाणू मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करतात. ही दुसरी क्रियाही पूर्ण होऊ दिली की बहुतेक जंतूंचे अन्न संपते. जोडीला मद्यार्क, आम्लता, सालींतून आलेले टॅनिन आणि हवेचा अभाव. गाळणी जंतू काढून स्थैर्य आणते, ही पद्धत अन्न संपवून आणते. म्हणून अर्धवट किण्वन झालेली न गाळलेली वाईन बाटलीत भरणे हा सर्वांत मोठा धोका: बाटलीतच पुन्हा किण्वन सुरू होऊ शकते.

७. गृहीतक मोडते तेव्हा

या पद्धतीचे एक गृहीतक आहे: द्राक्षे तोडल्यावर थोड्या वेळात टाकीत पोहोचतील. लेबनॉनमध्ये १९७५ ते १९९० या काळात यादवी युद्ध चालले. बागा डोंगराच्या एका बाजूला आणि टाक्या दुसऱ्या बाजूला, मधले रस्ते लढाईच्या छायेत. १९७६ मध्ये वाईन बनवताच आली नाही. १९८४ मध्ये ट्रक वाटेत दिवसेंदिवस अडकले आणि द्राक्षांचे किण्वन प्रवासातच सुरू झाले.

अभियंत्याच्या नजरेने १९८४ कडे पाहू. ट्रकच्या तळाशी द्राक्षे वजनाने फुटतात, रस सुटतो, हवा मोकळी, तापमानावर ताबा नाही. म्हणजे तिसऱ्या भागातील धोक्याचा काळ टाकीत येण्याआधीच सुरू झाला आणि निवडलेली टाकी, जाड भिंती, रोजचे मोजमाप ही सगळी नियंत्रणे निरुपयोगी ठरली. त्या वर्षीची वाईन नेहमीप्रमाणे बाजारात आली नाही. बाकीच्या युद्धवर्षांत मात्र वाईन बनत राहिली. १९७९ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या वाईन मेळ्यात मायकेल ब्रॉडबेंट या जाणकारांचे तिच्याकडे लक्ष गेले आणि १९८४ मध्येच 'डिकँटर' या ब्रिटिश मासिकाने आपला पहिला 'मॅन ऑफ द इयर' सन्मान सेर्ज होशार यांना दिला.

शिकण्यासारखे हे की, हस्तक्षेप जितका कमी तितकी आधीच्या पायऱ्यांतील चुकीला माफी कमी. बाहेरून टाकायचे पदार्थ हे एका अर्थाने सुरक्षेचे अंतर असते. ते काढले की त्याची किंमत कधीतरी एखादे पूर्ण वर्ष देऊन मोजावी लागते. द्राक्षे वर्षातून एकदाच येतात. संपूर्ण कारकिर्दीत माणसाला पन्नासेक प्रयोगच करायला मिळतात.

८. वेळेची किंमत

औद्योगिक अभियांत्रिकीतील लिटलचा नियम सांगतो: साठा = आवक दर × थांबण्याचा काळ. माल सात वर्षे थांबत असेल तर तळघरात नेहमी सात वर्षांचे उत्पादन पडून असते. त्यात अडकलेल्या भांडवलाचे व्याज कोणीतरी सोसावे लागते. तिमाही हिशेब देणाऱ्या कंपनीला हे अवघड असते. मालकी कुटुंबाची असेल तर आजचा निर्णय आणि सात वर्षांनंतरचे उत्पन्न एकाच घरात राहते. वेळ हाच मुख्य घटक असलेल्या प्रक्रियेत मालकीचे स्वरूपही असे तांत्रिक महत्त्वाचे ठरते.

९. दोष कोणता, ओळख कोणती?

मुसारच्या वाईनमध्ये बाष्पशील आम्ल, म्हणजे मुख्यतः अ‍ॅसेटिक आम्ल, जाणवते ही जाणकारांची जुनी नोंद आहे. काहींना तो दोष वाटतो, काहींना त्या वाईनची ओळख. युरोपीय संघात रेड वाईनसाठी याची मर्यादा प्रति लिटर १.२ ग्रॅम आहे. मर्यादेच्या आत किती असावे हे उत्पादक आणि ग्राहक ठरवतात. मर्यादा ओलांडली की 'नैसर्गिक' हा शब्द बचाव होऊ शकत नाही. म्हणून येथे सहनसीमा आधी लिहून ठेवावी आणि मोजत राहावे. चव घेऊन नंतर समर्थन शोधू नये.

सारांश

* बाहेरचे यीस्ट आणि खाद्य → निवडलेली द्राक्षे, स्वच्छता, रोजची घनता आणि तापमान.
* शीतकरण यंत्रणा → टाकीचा आकार आणि भिंतीची उष्माधारकता (काही अंशी).
* जास्त सल्फर डायऑक्साइड, मिसळलेले आम्ल → तोडणीचा योग्य दिवस, कमी पीएच.
* गाळणी → गाळ बसायला वेळ आणि दोन्ही किण्वने पूर्ण होऊ देणे.
* सुरक्षेचे अंतर → याला पर्याय नाही. जोखीम स्वीकारावी लागते.

कमीत कमी हस्तक्षेपात नियंत्रण नाहीसे होत नाही. ते टाकीकडून बागेकडे, पदार्थांकडून वेळेकडे आणि दुरुस्तीकडून निवडीकडे सरकते.

स्वाध्याय

१. प्रति लिटर २४० ग्रॅम साखर असलेल्या रसासाठी अपेक्षित मद्यार्क आणि उष्णता न निसटल्यास तापमानातील वाढ काढा. (उत्तर: सुमारे १४.१ टक्के, सुमारे ३३ अंश)
२. रेणूरूप सल्फर डायऑक्साइड ०.५ मिलिग्रॅम हवा असेल तर पीएच ३.६ आणि ३.९ ला मुक्त सल्फर डायऑक्साइड किती लागेल? (उत्तर: सुमारे ३१ आणि ६२ मिलिग्रॅम)
३. ट्रकमधील द्राक्षे २४ तास उशिरा पोहोचणार असल्याचा निरोप आला आहे. कोणते मोजमाप आधी घ्याल आणि कोणत्या मर्यादेला कमी हस्तक्षेपाचा आग्रह सोडाल? कारणे द्या.
४. तुमच्या भागातील उत्स्फूर्त किण्वनाचा एक खाद्यपदार्थ निवडा. त्यात कोणते घटक नियंत्रित केले जातात आणि कोणते मोकळे सोडले जातात, याचा तक्ता करा.